एक चप्पल जरा तिरकी

अन्याय झाला तो कांतावर. माझ्या थोरल्या बहिणीवर. दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी, सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आधी. ती पाचवीत होती.

अक्का, पत्रक असंच सुरू करायचं असतं. कुणावर आणि कधी, हे पहिल्याच ओळीत. वाचणारा माणूस टपरीवर एका हातात चहाचा कप धरून उभा असतो, तो पुढे वाचेल याची खात्री नसते. त्याच्या पुढच्या ओळीत लिहायचं, अन्याय कुणी केला. तिथे माझा हात अडलाय. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी रोज कागद घेऊन बसले आणि ती ओळ कोरी सोडून उठले. आपलं भांडणही त्याच ओळीवरून होतं.

त्या सकाळचं मला जेवढं आठवतं तेवढं सांगते. चुकलं तर आता दुरुस्त करायला तू नाहीस, याचीच मला पहिली भीती वाटते.

मायला आणि अण्णाला ऊसतोडीला नेणाऱ्या टोळीचा ट्रॅक्टर पारापाशी उभा होता. ताडकळसच्या बाजारातून आणलेली नवी घमेली, चुलीच्या विटा, गोधड्या, सगळं ट्रॉलीत चढलं होतं. आपल्या दोघींची शाळा बुडू नये म्हणून आपण मागे राहायचं ठरलं होतं. हे मायचंच म्हणणं. फडात नेलेली पोर दुसऱ्या वर्षी हातात कोयता धरते, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. आजी आदल्या साली वारली होती. चुलता लक्ष ठेवणार होता. तो आठ दिवसांतून एकदा रस्त्यावरून विचारायचा, "हाव का गं पोरींनो?" आणि उत्तराच्या आत पुढे जायचा.

निघताना आपल्या बापानं, अण्णानं, पायातल्या नव्या चपला काढल्या. पोळ्याला घेतलेल्या. त्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या.

"ह्या हितंच ऱ्हाऊ द्या. दारात गड्याच्या चपला दिसल्या का कुणी आत शिरत न्हाई. कुणी आलंच तर आतून हाळी द्यायची, अण्णा, कोण आलंय बगा. आपण एकट्या हाव असं कुणालाबी सांगायचं न्हाई. काय?"

"कुणालाबी न्हाई," तू म्हणालीस.

मी पाच वर्षांची होते. मला ते आवडलं. चपला इथे आहेत म्हणजे अण्णा पूर्ण गेलेला नाही, असं मला वाटलं. तुला तसं वाटलं नसणार. तू ट्रॅक्टरकडे बघत नव्हतीस. तू गल्लीकडे बघत होतीस, कोण कोण बघायलंय ते.

पुढचे पाच महिने तू रिकाम्या घराशी बोललीस. शाळेतून धावत यायचीस, दार लोटायचीस आणि शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचीस, "आवं अण्णा, किती घोरता, पोरगी दचकून उठंल की." मी हसून लोळायचे. भाकरी करताना विचारायचीस, "कालवणात मीठ कमी पडलं का वो?" आणि मग स्वतःच पुटपुटायचीस, "खातंय मुकाट्यानं, बोलत न्हाई मेलं." दहा-अकरा वर्षांची पोर, नवरा-बापाच्या तक्रारी करणारी. मला वाटायचं, माझ्या अक्काएवढी विनोदी बाई अख्ख्या पूर्णा तालुक्यात नाही. ते मी आजही म्हणते.

पण हळूहळू मला खरंच वाटायला लागलं की आतल्या खोलीत कुणीतरी आहे. तो अण्णा नव्हता. अण्णासारखा आवाज न करणारा, नुसता बसलेला कुणीतरी. दिवेलागणीला मी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. तुला बाहेरून येणाऱ्याची भीती होती. मला आत असलेल्याची बसली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. एवढी माझ्यासाठी खपत होतीस, तुला कसं सांगू की तुझ्याच खेळाला मी घाबरते?

संध्याकाळी मी रडायला लागले की तू उंबऱ्याकडे बोट दाखवायचीस. "पोखर्णीचा नरसिंव्ह ठाव हाय ना? ना आत ना भायेर, ना दिस ना रात. ह्या टायमाला तो समद्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसतो."

"आपल्याबी?"

"मंग काय फकस्त पाटलाच्या?"

"मंग चपला त्याच्या हाईत?"

तू थोडा विचार केलास. "त्याच्याच समज."

आता ती दुपार. जिच्यावरून तू माझ्याशी सात महिने बोलली नाहीस.

एक माणूस आला. कोण होता ते आपल्याला कधीच कळलं नाही. कडी वाजवली आणि म्हणाला, अण्णाला बाहेर पाठव. तू आतून म्हणालीस, "आंगूळीला बसलेत." तो म्हणाला, बरं, बसतो मी. आणि ओट्यावर बसला. बिडी पेटवली. धूर फटीतून आत आला. तू मला गोधडीत ढकललंस, रांजणाजवळ गेलीस आणि तांब्या भरून मोरीत ओतायला लागलीस. एक तांब्या. थांबायचं. परत एक तांब्या. मध्येच घसा खाकरायचीस, अण्णासारखा. रांजण निम्मा झाला. तो बसलेलाच. रांजणाच्या तळाला तांब्या घासायला लागला तशी तू धार बारीक केलीस, एका तांब्याचे तीन केलेस. मला आजही कुठे पाणी ओतल्याचा आवाज आला की मी मोजते.

शेवटी तो उठला. चपलांकडे बघितलं, थुंकला आणि गेला. तू मोरीतच उभी होतीस. तुझा परकर भिजला होता. मी विचारलं तर म्हणालीस, तांब्या सांडला. मला कळलं होतं, तांब्या सांडला नव्हता.

एवढं मी छापलं, अक्का. वीस वर्षांनी, तुला न विचारता. टोळीमागे राहणाऱ्या पोरींसाठी निवारा मागणारं पत्रक होतं, एका बाजूला मागण्या आणि दुसऱ्या बाजूला ती दुपार. नाव नव्हतं. पण गाव आपलंच होतं, आणि आपल्या गावात पोरी किती जणींनी मागे ठेवल्या आणि त्यातली पाचवीतली कोण, हे लोकांना काय सांगायला लागतं? परकरसुद्धा छापला. सभेत वाचून दाखवलं तेव्हा बाया रडल्या. मला वाटलं, जमलं.

तू फोन केलास. आवाज शांत होता. तू चिडलीस की शांत व्हायचीस, त्याची मला जास्त धास्ती वाटायची.

"ते मोरीतलं कशाला छापलंस गं?"

"खरं हाय म्हणून. अन्याय हाय म्हणून."

"कुणी केला?"

"आई-बापानं केला. दोन लेकरं कुलपात टाकून गेले. मी भिऊन लिहिणार न्हाई."

"मंग आजून एक खरं हाय ते का न्हाई छापलंस? बापानं नवी जोडी आपल्यासाठी दारात ठिवली आन अंगठा तुटलेली जुनी घालून फडात गेला. पाचटानं पाय चिरून आला व्हता. तुला आठवतंय? न्हाई आठवायचं. तू ल्हान व्हतीस. पाय म्या धुतले व्हते."

मी म्हणाले, "म्हणून काय झालं?" हे माझे शब्द आहेत. आपलं शेवटचं नीट बोलणं हेच. त्यानंतर मी चार वेळा फोन केला, चारी वेळा तुझ्या थोरल्या लेकीनं, गौरीनं, उचलला आणि म्हणाली, आय कामात हाय.

तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पाय चिरले म्हणून अन्याय मिटत नाही. पण ते वाक्य पत्रकात असायला पाहिजे होतं, आणि ते नसल्यामुळे माझं पत्रक अर्धं खोटं होतं, एवढं कबूल करते. हे तू असताना करायला पाहिजे होतं.

तुला माझं दुसरं खोटंही माहीत होतं. परभणीत खोली घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात मी बाजारातून गड्याच्या चपला आणल्या. दुकानदारानं नंबर विचारला. मी म्हणाले, नऊ. तो म्हणाला, "मालकाला संगं आणायचं की ताई, माप बसलं पाहिजे." मी म्हणाले, ते बाहेरगावी असतात. तू पहिल्यांदा खोलीवर आलीस, दारात त्या बघितल्यास आणि पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. मग उठून त्यातली एक पायानं फिरवलीस.

"अशा सरळ कोण काढतं का? गडी माणूस चपला काढतो व्हय, फेकतो. एक जरा तिरकी ठिवायची. तवा खरं वाटतं."

त्याच दिवशी मी तुला सांगितलं होतं की सरकारी दवाखान्यात एक बाई बसतात, मनातली भीती ऐकून घेतात, तू चल. तू विचारलंस, "तू गेलीस?"

"एकदा."

"काय इचारती ती?"

"भीती कवापासून वाटती ते."

"मंग काय सांगितलंस?"

"झोप लागत न्हाई म्हणाले. बाकीचं न्हाई सांगितलं."

"वा गं. हजार कागद छापून गावाला वाटती आन एका बाईला सांगत न्हाई." तू परत हसलीस. मी चिडले. तू डबा उघडून मला शेंगदाण्याची चटणी-भाकर वाढलीस. मला वसतिगृहात पोचवायला आली होतीस तेव्हाही हाच डबा होता. तुझी शाळा सातवीला सुटली, माझी तू सुटू दिली नाहीस. मला जे काही लिहिता येतं ते तुझ्या सुटलेल्या शाळेवर उभं आहे. हे मी कुठल्याच पत्रकात छापलेलं नाही.

आता पुढचं लिहायला मला भीती वाटते. तरी लिहिते. या वेळी विचारून लिहिते. गौरीला वाचून दाखवते आहे, ओळीओळीला.

दाजी सांगलीकडे उसाची गाडी चालवतात. सासरची बाकी माणसं टोळीत. हंगामभर तुझ्या घरात तू, गौरी आणि चार वर्षांची परी. आणि दारात चपला. दाजी पायात घालून गेले ती जोडी वेगळी. दारातली कायमची. तुझ्या पोटात तीन दिवस दुखत होतं. तू ओवा खाल्लास, शेक घेतलास. तिसऱ्या दिवशी दुपारी तुझं कण्हणं शेजारच्या चंद्रकलाबाईंना ऐकू गेलं. त्या कापूस वेचायला निघाल्या होत्या. अंगणात येऊन त्यांनी हाक मारली. गौरी दारात आली.

इथे मी लिहिलं होतं की गौरी म्हणाली, पप्पा झोपलेत. वाचून दाखवलं तेव्हा गौरीनं मान हलवली.

"झोपलेत न्हाई म्हनले मी. आंगूळीला बसलेत म्हनले."

अक्का, मी ती ओळ खोडली आणि तिनं सांगितली तशी लिहिली. तू तिला ते शिकवलं होतंस, का तिनं कुठून उचललं? त्या दुपारचं तू तिला सांगितलं होतंस? मला नाही वाटत. असं काही न सांगताच पोरांच्या अंगात जातं. मला त्याचीच भीती वाटते.

गौरी म्हणाली, पप्पा आंघोळीला बसलेत, तेच नेतील दवाखान्यात. चंद्रकलाबाईंनी चपला बघितल्या आणि शेताला गेल्या. दिवस बुडताना गौरी गल्लीत ओरडत पळाली. गाडी मिळाली. परभणी लागायच्या आत तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलं होतं, आदल्या दिवशी आणलं असतं तर. फोन तुझ्या उशाशी होता, चार्ज होता. मी तो बघितला. त्या तीन दिवसांत तू कुणालाच फोन लावला नव्हतास. मला रडायला एक मिस्ड कॉलसुद्धा ठेवला नाहीस. आपण एकट्या हाव असं कुणालाबी सांगायचं न्हाई. पाचवीत दिलेला शब्द तू बत्तिसाव्या वर्षी पाळलास.

मी पोचले तेव्हा दारात माणसांच्या वीस-पंचवीस जोड्या होत्या. तरी ती मला लगेच दिसली. एक चप्पल जरा तिरकी.

चंद्रकलाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. पहिल्यांदा एकच वाक्य म्हणत राहिल्या, "बाई, चपला व्हत्या ना दारात. चपला व्हत्या." मला त्यांचा राग आला. मी तोंडावर विचारलं, की दाजींची गाडी दाराशी नव्हती, अडीच महिने माणूस दिसला नव्हता, तुम्हाला खरंच वाटलं ते घरात आहेत? त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "खरं सांगू? वाटलं न्हाई. पर चपला बगितल्या आन बरं वाटलं. म्हनलं, चला, आपल्यावर जिम्मा न्हाई."

हे छापू का, असं मी त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "छापा. नावासकट छापा. मला तेवढं तरी करू द्या."

तेव्हा मला पहिल्यांदा एक गोष्ट सुचली, जी वीस वर्षं सुचली नव्हती. अण्णा आणि माय ट्रॅक्टरवर बसून गेले ते भर सकाळी, पारावरून, अख्ख्या गावासमोर. गल्लीतल्या प्रत्येक घरानं त्यांना जाताना बघितलं होतं. मग त्या चपला कुणाला खऱ्या वाटत होत्या? कुणालाच नाही. तू पाच महिने घसा फोडून ज्यांना फसवत होतीस ते सगळे फसल्याचं सोंग करत होते. कारण फसलं की घरी जाता येत होतं.

दहाव्याच्या दिवशी दिवेलागणीला गौरी चपला घेऊन दारात आली. घरात दाजी होते, मी होते, चार पाहुणे होते, तरी. तिनं त्या खाली ठेवल्या, मागे सरून बघितलं आणि एक तिरकी केली. मी उठले, दोन्ही उचलल्या आणि उकिरड्यावर भिरकावल्या. सभेत टाळ्या मिळाव्यात असं काम केलं. गौरी रडली नाही. ती कोपऱ्यात गेली, परीला मांडीवर ओढलं आणि दाराकडे तोंड करून बसली. परी म्हणाली, "आता कोन येनार?"

अक्का, मी गेले आणि त्या परत आणल्या. ओढणीनं पुसल्या. उंबऱ्याबाहेर ठेवल्या. गौरी उठून आली, वाकली.

"मावशी, अशी," म्हणाली आणि एक तिरकी केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भांडी घासत होतो. ती राख लावत होती, मी विसळत होते. मध्येच तिनं विचारलं, "मावशी, आंगूळीला किती येळ लागतो?"

"लागतो की, पाच-दहा मिनिटं. का गं?"

"चंद्रकलाकाकूला ठाव असंल ना मंग?" तिनं परातीकडेच बघत विचारलं. "मला वाटलं, आंगूळ झाली असंल म्हनून ती परत येईल. मी दारातच बसले व्हते वाट बघत. ती आली असती तर म्या सांगणार व्हते, पप्पा न्हाईत म्हनून."

नळ चालू होता, मी पाणी मोजत होते.

दाजींना मी विचारलं, पोरींचं काय? ते वाईट माणूस नाहीत, तुला माहीत आहे. खाली बघून म्हणाले, "चार दिसांनी गाडीवर जावं लागतंय. हंगाम निम्मा हाय. गौरी हाय की. तिला समदं येतंय, भाकरीबी." तुझ्याबद्दल गावात हेच वाक्य म्हणायचे. कांता हाय की. मी म्हणाले, मी नेते दोघींना परभणीला. तेव्हा त्यांनी वर बघितलं. "तुझ्या दारात बी नऊ नंबर हाय म्हनं. कांता सांगायची. मंग हितं आन तितं फरक काय, सविता?"



तरी पोरी माझ्याकडे आहेत. हंगाम संपेपर्यंत एवढंच ठरलंय. पुढचं ठरलेलं नाही आणि मला त्याची भीती वाटते. मी एकटी, पगार नाही म्हणावा असा, स्वभाव तोडून टाकणारा. परवा परीनं दूध सांडलं आणि मी एवढ्या जोरात ओरडले की गौरीनं हात डोक्यावर धरला. माझ्या आवाजात आतल्या खोलीतला तो बसलेला कुणीतरी होता. मी त्याला तिथेच सोडून आले असं मला वाटत होतं. मी सरकारी दवाखान्यातल्या त्या बाईंकडे परत गेले. या वेळी झोपेचं बोलले नाही. मोरीतलं सांगितलं, आतल्या खोलीचं सांगितलं, ओरडल्याचं सांगितलं. त्यांनी मी तुला सांगितलं होतं तसंच विचारलं, कवापासून. मी म्हणाले, दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवसापासून. पुढच्या आठवड्यात गौरीला घेऊन जायचंय. तिला विचारलंय. तिनं विचारलं, तिथं खोटं बोललं तर चालतं का? मी म्हणाले, चालतं, पण गरज पडत नाही. ती म्हणाली, बघू.

आणि चपलांचं सांगते. पहिले दोन दिवस माझ्या त्या नऊ नंबरच्या चपला दारातच होत्या, तिरकीसकट. तिसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला मी त्या उचलून आत आणल्या. फेकल्या नाहीत. गौरीच्या देखत कागदात गुंडाळून फळीवर ठेवल्या. तिचा हात धरला. आम्ही समोरच्या काकूंचं दार वाजवलं. मी दोन वर्षं त्यांच्यासमोर राहते, मीठसुद्धा मागितलेलं नाही.

"काकू," मी म्हणाले. "आमी तिघीच ऱ्हातो. घरात गडी माणूस न्हाई. रोज दिवे लागले का आमाला एक हाळी देत जावा."

काकू दळण चाळत होत्या. चाळणी तशीच धरून म्हणाल्या, "मला ठाव हाय की गं. दोन वर्सं झाली, त्या चपलांत एक पाय बगितला न्हाई मी. म्हनलं, पोरीला बरं वाटायलंय तर ऱ्हाऊ द्या."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तू असतीस तर पायरीवर बसली असतीस.

त्या संध्याकाळी काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "गौरे, हायस का गं?" गौरीनं तोंड उघडलं. "पप्पा..." एवढं म्हणाली आणि थांबली. मग ती म्हणाली, "हाव. तिघी हाव."

तेवढंच. भीती गेली असं मी छापणार नाही. रिकामा उंबरा बघून मला अजून धडधडतं. पण दाराबाहेरच्या हाकेला आपल्या घराण्यात पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं, आणि ते तुझ्या पोरीनं दिलं.

आता ती कोरी ओळ भरते, अक्का. अन्याय कुणी केला? दारातल्या चपला बघून ज्यांना बरं वाटलं त्या सगळ्यांनी. त्यात चुलता आहे, गल्ली आहे, चंद्रकलाबाई आहेत. त्यात मी आहे. चार फोन करून, आय कामात हाय हे ऐकून, मलाही बरं वाटलं होतं. निघून दोन तासांत तुझ्या दारात पोचता आलं असतं, त्याऐवजी मी सभेला गेले. आणि अण्णा? त्यानं आपली नवी जोडी मागे ठेवली. त्यालाही माहीत असणार, जोडी काय राखण करणार. त्याचा भरवसा गल्लीवर असेल. तुझ्यासाठी एवढं लिहिते, यापुढचं माझं भांडण चालू राहील.

हा कागद वाचणाऱ्या माणसांनो, आता तुमच्याशी बोलते. तुमच्या गल्लीतलं कोणतं घर या हंगामात टोळीला गेलंय ते तुम्हाला माहीत आहे. मागे कोण राहिलंय तेही माहीत आहे. मला निवेदनावर तुमची सही नको. आज दिवे लागायच्या आत घरातल्या बाईमाणसाला बरोबर घ्या आणि त्या दाराशी जा. आपलं नाव सांगा, पोरीला नावानं हाक मारा, आणि ती समोर येईपर्यंत चपलांकडे बघू नका. आतून आवाज आला की पप्पा आंघोळीला बसलेत, तर तिला खोटं पाडू नका. बरं म्हणा आणि घरी या. पण तासाभरानं परत जा. आंघोळीला एवढा वेळ लागत नसतो. परत जा.